गोड्या पाण्यातला सर्वांत चविष्ट मासा कोणता?

गोड्या पाण्यातील माशांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. समुद्राची मासळी खाऊन वाढलेली मंडळी नदी-तलावातल्या माशाला ‘चिखलाचा वास येतो’ एवढे एकच वाक्य ऐकवून बाजूला सारतात, तर ज्यांना नदीच्याच माशाची सवय आहे त्यांना समुद्राची मासळी उग्र वाटते. दोन्ही मते आपापल्या जागी खरी असली, तरी थंड, वाहत्या पाण्यातला ट्राउट आणि साचलेल्या हिरव्या पाण्यातला मागूर यांना एकाच मापाने मोजणारे कोणतेही मत फार उपयोगाचे ठरत नाही. म्हणून या परीक्षणात माशांची पारख केवळ खाण्याच्या अंगाने, म्हणजे वास, मांसाचा पोत, चरबी आणि काटे या चार कसोट्यांवर केली आहे. किंमत आणि पौष्टिकता हे स्वतंत्र विषय असल्याने ते बाजूला ठेवले आहेत.

या माशांची चव मुळात सौम्य का असते, हे आधी पाहिले पाहिजे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात शरीरातले पाणी टिकवून धरण्यासाठी तिथल्या माशांना आपल्या पेशींमध्ये ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले आणि ट्रायमिथाइल अमाइन ऑक्साइड हे संयुग साठवावे लागते. यांपैकी अमिनो आम्लांमुळे मांसाला गोडसर, भरीव चव येते. दुसऱ्या संयुगाचे मासा शिळा होऊ लागला की जिवाणू ट्रायमिथाइल अमाइनमध्ये रूपांतर करतात, आणि मासळीबाजाराचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो प्रामुख्याने याच पदार्थाचा असतो. गोड्या पाण्यातल्या माशांना अशा साठ्याची गरज नसल्याने त्यांच्यात ही दोन्ही द्रव्ये बरीच कमी असतात. साहजिकच त्यांचा वास कमी येतो आणि मांसाची अंगची चवही मंद असते. याचा एक परिणाम खरेदी करताना ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गोड्या पाण्यातला मासा शिळा झाला तरी तितक्या लवकर दुर्गंधी सोडत नाही, त्यामुळे केवळ नाकावर विसंबून चालत नाही. कल्ले लालभडक आहेत का, डोळे फुगीर व नितळ आहेत का आणि पाठीवर बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येतो का, हे पाहावेच लागते.

आता त्या प्रसिद्ध चिखलाच्या वासाविषयी. हा वास चिखलाचा नसतो. पाण्यातील नील-हरित शैवाल आणि काही मातीतले जिवाणू जिओस्मिन व 2-मिथाइल आयसोबोर्निऑल ही दोन संयुगे तयार करतात, आणि पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास दरवळतो त्यामागेही जिओस्मिनच असते. मातीतून आलेला हा वास सुखावतो आणि ताटातून आला की जेवण बिघडवतो. माणसाचे नाक या संयुगाच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण असून एका लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम इतके जिओस्मिन असले तरी अनेकांना ते जाणवते. माशाच्या शरीरात ही संयुगे मुख्यतः कल्ल्यांवाटे शिरतात, रक्तातून फिरतात आणि चरबीत जाऊन बसतात. आत शिरायला त्यांना काही तास पुरतात, पण बाहेर पडायला मासा स्वच्छ पाण्यात ठेवूनही कित्येक दिवस, आणि थंड पाण्यात किंवा मासा फार चरबीदार असल्यास आठवडेही लागतात.

माझ्या मते या विषयाचे सारे मर्म इथेच आहे. माशाची चव ज्या चरबीत असते त्याच चरबीत हा वासही मुक्कामाला असतो. त्यामुळे कमी चरबीचा मासा कोणत्याही पाण्यातून आला तरी सहसा दगा देत नाही, पण फार मोठे सुखही देत नाही. उलट चरबीदार मासा चांगल्या पाण्यातला असेल तर अप्रतिम लागतो आणि वाईट पाण्यातला असेल तर घशाखाली उतरत नाही. अमुक जात चांगली आणि तमुक वाईट असे जे सरसकट निकाल दिले जातात त्यांत पाण्याचा हा हिशेब धरलेलाच नसतो. एकाच जातीच्या माशाबद्दल दोन सुज्ञ खवय्यांची मते अगदी उलट असतात, त्याचे कारणही बहुतेक वेळा हेच असते.

निव्वळ चवीच्या नाजूकपणात पहिला क्रमांक मी पर्च कुळाला देतो. युरोपातला झँडर, उत्तर अमेरिकेतला वॉलआय आणि दोन्ही खंडांत आपापल्या जातींनी आढळणारे छोटे पर्च हे या कुळातले खाण्याजोगे प्रमुख मासे आहेत. त्यांच्या मांसात चरबी जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असते, मांसात लपलेले बारीक काटे फारसे नसतात, आणि शिजल्यावर पांढऱ्याशुभ्र मांसाच्या ओलसर पाकळ्या काट्याचमच्याच्या हलक्या दाबानेही सुट्या होतात. चवीत एक अस्पष्ट गोडवा असतो आणि तो मीठ, लोणी व लिंबाचा रस यांपलीकडे काही घातले की हरवतो. झणझणीत मसाल्याची आवड असणाऱ्याने या माशाच्या वाटेला जाऊ नये, कारण मसाल्यात त्याचे अस्तित्वच उरत नाही. दुसरा दोष असा की चरबी नसल्याने तो आचेवर मिनिटभर जास्त राहिला तरी कोरडा पडतो. लहान पर्चची चव मोठ्याहून सरस असते, मात्र त्याचे खवले एकदा वाळले की दगडासारखे घट्ट बसतात. म्हणून ते खरवडत बसण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे मांस सोलून काढणे सोयीचे असते.

या कमी चरबीच्या, पांढऱ्या मांसाच्या वर्गात आणखी दोन मासे येतात. बर्बट हा कॉड माशाच्या गणातला असून त्या साऱ्या गणात आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणारा तो एकटाच आहे. त्याचे मांस घट्ट व स्वच्छ चवीचे असते आणि ज्या चरबीचा मांसात अभाव असतो ती सगळी त्याच्या मोठ्या यकृतात साठलेली असते; खवय्ये या माशासाठी कमी आणि त्या यकृतासाठी अधिक आसुसतात. दुसरा पाइक. त्याची चव झँडरच्या जवळ जाणारी असली तरी त्याच्या पाठीच्या मांसात दुफाटे काटे ओळीने रुतलेले असतात. ते काढण्याची हातोटी ज्याला आहे त्याच्यासाठी पाइक उत्तम, इतरांनी त्याचे मांस वाटून वड्या कराव्यात.

मरळीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण रोजच्या खाण्यासाठी एकच मासा निवडायचा झाला तर मी तीच निवडीन. सापासारखे चपटे डोके, जाड बुळबुळीत कातडी आणि त्यावरचे काळे-करडे पट्टे यांमुळे प्रथम पाहणाऱ्याला ती खाण्याची वस्तू वाटत नाही, आणि जिवंत मरळ हातात धरायची तर तिला आधी जाडे मीठ चोळावे लागते, नाहीतर ती सुळकन निसटते. आडवी कापल्यावर मात्र चित्र पालटते. तुकडा जवळजवळ गोल निघतो, मध्यभागी कण्याचे एकच ठसठशीत हाड दिसते, त्याच्याभोवती काचेसारखे किंचित पारदर्शक, राखाडी झाक असलेले मांस असते, आणि पोटाच्या बाजूला फासळ्यांचे मोजके, सरळ काटे असतात. यापलीकडे मांसात काटा नसतो, त्यामुळे लहान मुलांच्या ताटात निर्धास्तपणे वाढण्याजोग्या ज्या थोड्या माशांची नावे सांगता येतील त्यांत मरळ येते. शिजल्यावर मांस पांढरे आणि घट्ट होते, रश्श्यात बराच वेळ उकळले तरी तुकडा फुटत नाही आणि तो मसाला धरतो.

तिच्या चांगुलपणामागे शरीररचनेचे एक कारण आहे. मरळीच्या कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेण्याचे एक वेगळे इंद्रिय असते, म्हणून अंग ओले राहिले तर ती पाण्याबाहेरही बराच काळ जगते. याचा थेट फायदा खाणाऱ्याला होतो, कारण मरळ बहुधा जिवंतच विकली जाते आणि ताजेपणाचा प्रश्नच उरत नाही. शिवाय विक्रीआधी ती स्वच्छ पाण्याच्या टाकीत काही दिवस राहिली तर तिच्या अंगातला वासही बऱ्यापैकी निघून जातो, आणि मुळात चरबी कमी असल्याने तो फारसा साठलेलाही नसतो. तिचे दोष म्हणाल तर दोन सांगता येतील. फार मोठी, वयस्क मरळ चिवट लागते आणि तिच्या मांसाला रबरासारखी लवचीकता येते, म्हणून एक किलोच्या आतबाहेरची घ्यावी. आणि पाण्याविषयी शंका असेल तर कातडी सोलून टाकावी, कारण जो काही वास असतो तो कातडीत आणि तिच्या लगतच्या थरातच अधिक असतो.

चरबीदार माशांकडे वळले की पहिले नाव ट्राउटचे घ्यावे लागते. इंद्रधनुषी ट्राउट मूळचा प्रशांत महासागराच्या काठच्या नद्यांतला. आता तो जगभरच्या थंड प्रदेशांत पाळला जातो. त्याला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि ज्या पाण्यात तो जगू शकतो ते पाणी बहुधा चांगलेच असते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. खवले इतके बारीक असतात की काढावे लागत नाहीत, कातडी तव्यावर कुरकुरीत होते, आणि पाळीव ट्राउटमध्ये साधारण सहा टक्क्यांच्या घरात असणारी चरबी मांसाला लोण्यासारखा मऊपणा देते. काही ट्राउटचे मांस पांढरे तर काहींचे गुलाबी-केशरी असते, आणि गिऱ्हाईक गुलाबी मांसाला जातिवंत समजून हात घालते. तो रंग ॲस्टाझँथिन या रंगद्रव्याचा असतो. नैसर्गिक पाण्यात ते कोळंबीसारख्या कवचधारी जिवांतून येते आणि मत्स्यशेतीत खाद्यातून दिले जाते. त्यावरून चवीची परीक्षा होत नाही. ट्राउटच्या मांसात पुढच्या अर्ध्या भागात बारीक काट्यांची एक ओळ असते, पण ती चिमट्याने सहज ओढून काढता येते. दाटीवाटीने भरलेल्या, पाणी फिरवून वापरणाऱ्या टाक्यांतल्या ट्राउटला मात्र मातीचा वास येऊ शकतो. अशा ठिकाणचे जाणते मत्स्यपालक विक्रीपूर्वी मासे काही दिवस उपाशी ठेवून स्वच्छ पाण्यात सोडतात.

ट्राउटचाच उत्तरेकडचा भाऊबंद आर्क्टिक चार हा मला त्याहून किंचित सरस वाटतो. उत्तर ध्रुवाच्या इतक्या जवळ गोड्या पाण्यातला दुसरा कोणताही मासा आढळत नाही. सॅमनचा भरघोसपणा आणि ट्राउटचा हळुवारपणा यांचा त्यात चांगला मेळ बसतो.

ईल हा या वर्गातला सर्वांत श्रीमंत मासा. त्याच्या मांसात चरबी दहा टक्क्यांच्या वर सहज जाते, आणि निखाऱ्यावर भाजताना ती वितळून कातडीखाली उकळू लागली की येणारा वास कोणालाही स्वयंपाकघराकडे ओढून आणील. त्याच्या रक्तात विषारी प्रथिने असतात, ती शिजवल्यावर निष्प्रभ होतात. म्हणून ईल कधीही कच्चा खात नाहीत आणि साफ करताना ते रक्त डोळ्याला किंवा जखमेला लागू देत नाहीत. चवीपुरते बोलायचे तर याला फार वरचा क्रमांक द्यावा लागेल. पण युरोपीय ईल अतिसंकटग्रस्त आणि जपानी ईल संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, आणि मत्स्यशेतीतला ईलसुद्धा निसर्गातून पकडलेल्या पिलांपासूनच वाढवलेला असतो. त्यामुळे शिफारस करताना माझी लेखणी अडते. महासीर आणि स्टर्जन यांना याच कारणाने मी यादीबाहेर ठेवले आहे. महासीराच्या काही जाती नामशेष होण्याच्या काठावर आहेत, आणि स्टर्जनच्या जगात उरलेल्या सर्व 26 जाती धोक्यात असल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2022 साली जाहीर केले.

सर्वांत अधिक वादाचा वर्ग म्हणजे कार्प कुळ. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे सारे याच कुळातले असून जगातल्या मत्स्यशेतीचा मोठा भार त्यांच्यावर आहे. गवत्या तर जगात सर्वाधिक पिकवल्या जाणाऱ्या माशांच्या अग्रभागी असतो. या माशांना नावे ठेवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा काट्यांची असते, आणि ती खोटी नाही. कण्याच्या हाडांशी जोडलेल्या फासळ्या वेगळ्या, आणि कशालाच न जोडलेले, स्नायूंच्या थरांत तरंगणारे काटे वेगळे. कार्प कुळातल्या माशाच्या अंगात हे तरंगते काटे शंभराच्या आसपास असतात. काही सरळ, काही दुफाटे, तर मानेजवळचे काही झाडाच्या फांदीसारखे अनेक फाटे फुटलेले. पाठीच्या तुकड्यातली एक पाकळी बोटांच्या चिमटीत दाबून पाहावी, म्हणजे मऊ मांसातून केसाहून थोडा जाड, दोन टोकांचा काटा बोटाला टोचतो. दातांखाली तो वाकतो पण तुटत नाही. हा काटा घाईने जेवणाऱ्याला माफ करत नाही.

तरीही कार्प टाकून देण्याजोगा नाही, फक्त त्याचा कोणता भाग घ्यायचा हे कळले पाहिजे. तरंगते काटे पाठीत आणि शेपटीकडे असतात. पोटाच्या भागात मोठ्या, वाकड्या फासळ्या असतात आणि त्या अखंड ओढून काढता येतात. त्याच पोटाच्या भागात चरबीही सर्वाधिक असते. दोन किलोंच्या वरच्या कटल्याचा पोटाकडचा तुकडा, त्याच्या आतल्या बाजूने दिसणारा चरबीचा पिवळसर थर न काढता मंद आचेवर शिजवला, तर तो या संपूर्ण यादीतल्या कोणत्याही माशाच्या तोडीचा लागतो, असे मी ठामपणे म्हणेन. अट अर्थातच पाण्याची. हा चरबीचा थर वासाचेही कोठार असल्याने शंकास्पद पाण्यातला कटला असेल तर नेमका हाच भाग सर्वांत वाईट निघतो. कटल्याचे मोठे डोके हा आणखी एक खजिना. गालाचे मांस, डोळ्यामागची चरबी आणि कवटीजवळचा चिकट गर यांमुळे रश्श्याला जो दाटपणा येतो तो नुसत्या तुकड्यांनी येत नाही.

रोहूचे मांस कटल्याहून घट्ट आणि कमी चरबीचे असते, म्हणून तळण्यासाठी तो बरा. मृगळ मला दोघांपेक्षा उणा वाटतो, आणि सायप्रिनसची चव पाण्याबरोबर इतकी बदलते की त्याच्याविषयी एक मत देणेच कठीण आहे. गवत्या नावाप्रमाणे वनस्पतींवर वाढतो आणि त्याचे मांस पांढरे व स्वच्छ असते. चंदेऱ्याचे मांसही चवीला उत्तम असून काट्यांनी त्याचे नाव बदनाम केले आहे. अमेरिकेतल्या नद्यांत हा परका मासा बेसुमार वाढल्यावर लोकांनी तो खावा म्हणून इलिनॉय राज्याने 2022 साली त्याला व त्याच्या जवळच्या जातींना ‘कोपी’ हे नवे नाव देऊन पाहिले. नाव बदलून काटे कमी होत नाहीत, पण वाटलेल्या मांसाच्या रूपात तो चांगला लागतो हे खरे. काट्यांवर उपाय शोधण्याचे प्रयत्न प्रयोगशाळेतही चालू असून चीनमधील संशोधकांनी बीएमपी-6 हे जनुक निकामी करून तरंगते काटे नसलेला क्रुशियन कार्प तयार केला आहे. स्वयंपाकघरातला उपाय मात्र जुना आणि सोपा आहे. दोन्ही बाजूंचे मांस कातडीसकट काढून, कातडी न कापता तीन-चार मिलिमीटर अंतरावर खोल खाचा पाडत जावे, म्हणजे काट्यांचे बारीक तुकडे होतात आणि कडक तेलात तळल्यावर ते दाताला जाणवत नाहीत.

मांजरमाशांना, म्हणजे शिंगाळा, मागूर आणि त्यांच्या मिशाळ गोतावळ्याला, काट्यांच्या बाबतीत पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. तरंगते काटे त्यांच्यात जवळजवळ नसतातच, आणि खवले नसल्याने साफ करायला ते सोपे असतात. वासाच्या बाबतीत मात्र हा वर्ग नशिबाचा खेळ आहे, कारण पाळलेल्या मांजरमाशांत चरबी बरीच असते आणि ते बहुधा उथळ, उबदार, शैवालाने हिरव्या झालेल्या तळ्यांत वाढतात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मांजरमाशांच्या प्रक्रिया-उद्योगात यासाठी चव घेणारी तरबेज माणसे नेमलेली असतात. तळ्यातला माल काढण्यापूर्वी नमुन्याचा मासा आणून त्याचा बिनमिठाचा तुकडा मायक्रोवेव्हमध्ये शिजवतात, हुंगतात आणि चाखतात. वास आढळला तर त्या साऱ्या तळ्याची काढणी वास जाईपर्यंत थांबवली जाते. ही परीक्षा घरीही करता येते. शेपटीकडचा छोटा तुकडा मीठमसाला न लावता झाकण ठेवून शिजवावा आणि झाकण उघडताच येणारी पहिली वाफ हुंगावी. मातीचा वास असेल तर तो त्या क्षणी कळतो आणि बाकीच्या माशाचे काय करायचे हे ठरवता येते.

चिलापी आणि पंगस यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चिलापीला काटे कमी, चरबी कमी आणि स्वतःची अशी चवही कमी. ज्याला मासा आवडत नाही त्याला मासा खायला घालायचा असेल तर ती बरी. पंगसाच्या मऊ, पांढऱ्या पट्ट्या बहुधा बासा या नावाने विकल्या जातात, वास्तविक बासा ही त्याच्याच कुळातली वेगळी आणि अधिक चरबीदार जात आहे. गोठवलेल्या पट्ट्यांत फॉस्फेटच्या मदतीने पाणी मुरवलेले असले की तव्यावर टाकताच त्या पाणी सोडतात, आक्रसतात आणि तळल्या जाण्याऐवजी उकडल्या जातात. माझ्या हिशेबी हा यादीतला शेवटचा क्रमांक.

नदी आणि समुद्र यांच्यात ये-जा करणारे मासे या स्पर्धेत पाहुणे म्हणूनच बसवावे लागतात. जिताडा गोड्या पाण्यात उत्तम वाढतो, पण तळ्यातल्या जिताड्याला मातीचा वास लागतोच. तोच मासा काढणीपूर्वी काही काळ खाऱ्या पाण्यात ठेवला तर वास निघून जातो आणि चवही सुधारते, कारण वर सांगितलेली अमिनो आम्ले त्याच्या मांसात पुन्हा जमू लागतात. पाला किंवा हिलसा समुद्रात वाढून अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. त्याच्या चरबीला तोड नाही आणि त्याच्या काट्यांनाही नाही. सॅमनचे गणित याच्या उलट आहे. नदीत शिरल्यावर तो खाणे सोडतो, अंगातली चरबी जाळत वर चढतो आणि अंडी घालण्याच्या जागी पोहोचेपर्यंत त्याचे मांस फिके व पाणचट झालेले असते. म्हणून खायचा तर तो नदीच्या मुखाजवळ धरलेलाच खावा. गोड्या पाण्यातल्या इतर माशांनाही हा नियम कमीअधिक लागू पडतो. विणीच्या हंगामाआधी मासा भरलेला असतो, विणीनंतर महिनाभर तो खाण्यात राम नसतो.

मासा कोणताही असो, साफ करण्यात चवीचा मोठा वाटा असतो. मारल्याबरोबर कल्ले कापून रक्त वाहू दिले तर मांस स्वच्छ राहते. कण्याच्या खालच्या बाजूला चिकटलेली गडद रक्ताची पट्टी नखाने किंवा सुरीच्या टोकाने खरवडून काढावी, पोटाच्या आतले काळे अस्तर काढावे, आणि वासाची शंका असल्यास दोन्ही कुशींवरून जाणारी तांबूस स्नायूंची पट्टीही काढून टाकावी, कारण पोटाच्या चरबीखालोखाल वास तिथेच असतो. लिंबू, चिंच किंवा सिरका लावून ठेवण्याची रीत नुसती वास झाकणारी नाही. आम्लाच्या संपर्कात जिओस्मिनचे रूपांतर वास नसलेल्या पदार्थात होते. अर्ध्या तासाने मासा धुऊन पुसून घेतला की पुरते, त्याहून जास्त वेळ ठेवला तर आम्लाने मांस वरून शिजल्यासारखे पांढरे पडते. पित्ताची पिशवी न फोडता काढावी, फुटल्यास तो भाग लगेच कापून टाकावा. गवत्या आणि इतर कार्प माशांचे पित्त औषध म्हणून गिळल्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत, तेव्हा त्या मोहात कोणी पडू नये. अंडी सर्वच माशांची खाता येतात असेही समजू नये, कारण युरोपातल्या बार्बेलची आणि अमेरिकेतल्या गारची अंडी विषारी असतात.

गोड्या पाण्यातला मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खाणे मात्र मला कोणत्याही चवीसाठी मान्य नाही. पाइक, पर्च आणि बर्बट यांच्या मांसात रुंद फीतकृमीच्या अळ्या असू शकतात, तर कार्प कुळातल्या माशांतून यकृतात शिरणारे चपटे कृमी माणसात येतात. यांपैकी दोन जातींना, ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनीला 1994 साली आणि क्लोनॉर्किस सायनेन्सिसला 2009 साली, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे. लिंबाच्या रसाने किंवा मिठाने हे कृमी मरतील असा भरवसा धरता येत नाही. मांसाच्या गाभ्यात 63 अंश सेल्सिअस तापमान आले की काम होते. थर्मामीटर हाताशी नसेल तर कण्याजवळचे मांस पारदर्शक न राहता पांढरे झाले आहे आणि हाडापासून आपोआप सुटते आहे, एवढे पाहून मगच भांडे आचेवरून उतरवावे.